बापाची हार आणि पोराचा कोयता

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सिनेमाबद्दल आहे, पण नुसती सिनेमाबद्दल नाही. वेळ असेल तेव्हा निवांत वाचा.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या दापोडीपासून फार लांब नाही अशा एका वस्तीत रात्री पाच-सहा पोरं कोयते घेऊन गाड्यांच्या काचा फोडत गेली. दुसऱ्या दिवशी बातमी मीच केली. हेडिंग दिलं, 'सिनेस्टाईल थरार, कोयते नाचवत दहशत'. वीस वर्षं हेच करतोय, हात आपोआप चालतो. दोन दिवसांनी पोरं सापडली म्हणून चौकीत गेलो. त्यातला एक सोळा वर्षांचा. हवालदारांनी त्याचा मोबाईल माझ्यापुढं धरला, म्हणाले, "पत्रकार, हे बघा तुमचं काम." पोरानं माझ्या बातमीचं कात्रण स्टेटसला ठेवलं होतं. खाली आगीची चिन्हं, वर एका दाक्षिणात्य पिक्चरचं म्युझिक. 'दहशत' या शब्दाभोवती लाल गोल काढलेला.

बाकावर त्याचा बाप बसला होता. कंत्राटी कामगार, कंपनीचा निळा शर्ट अंगावर, शिफ्ट सोडून आलेला. तो पोराकडं बघत नव्हता, पोरगंही त्याच्याकडं बघत नव्हतं.

घरी आल्यावर सगळे म्हणतात तेच मीही म्हणालो, की पिक्चरनं पोरं बिघडवली. पण मग वाटलं, आपणही हेच पिक्चर बघत मोठे झालो. गणपतीत मंडळासमोर रस्त्यावर पडदा लावायचे, पोतं अंथरून रात्री दोनपर्यंत मारधाड बघायचो. मग आपल्याला त्यात काय दिसलं, आणि या पोराला काय दिसतंय? म्हणून जुने पिक्चर पुन्हा लावून बसलो, या वेळी हाणामारी सोडून माणसं बघायला. जे सापडलं ते लिहितो.

सुरुवात १९७३ पासून करू. त्या वर्षी प्रकाश मेहरांचा 'जंजीर' आला, लेखक सलीम-जावेद. बऱ्याच मोठ्या नटांनी नाकारलेली भूमिका अमिताभ बच्चनकडं आली. आपल्या लक्षात राहते ती पोलिस ठाण्यात खुर्चीला मारलेली लाथ. पण त्या लाथेच्या मागं एक स्वप्न आहे. दिवाळीच्या रात्री कपाटात लपलेलं पोरगं फटीतून आईबापाचा खून बघतं. मारेकऱ्याच्या मनगटावर साखळी, साखळीला पांढरा घोडा. तो घोडा इन्स्पेक्टर विजयच्या स्वप्नात मोठेपणीही येतो आणि तो घामाघूम होऊन उठतो. आधीचा हिंदी हिरो गुंडाला मारायचा, कारण गुंड वाईट असायचा. विजय मारतो, कारण त्याला झोप लागत नाही. हा फरक साधा वाटतो, पण मारामारीचं कारण पहिल्यांदा हिरोच्या डोक्यात गेलं ते इथं.

काळही आठवा. १९७२ चा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला. नगर, सोलापूर, मराठवाड्यातून माणसं पोटासाठी बाहेर पडली, त्यातली कितीतरी आपल्या पट्ट्यात आली. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स होतीच, एमआयडीसी वाढत होती, दापोडीला एसटीचं वर्कशॉप आणि सीएमई. तुमच्या-माझ्या निम्म्या घरांचा इतिहास त्या दुष्काळापासून सुरू होतो. मे १९७४ ला रेल्वेचा देशभर संप झाला. जानेवारी १९७५ ला 'दीवार' आला, जूनमध्ये आणीबाणी.

'दीवार' आपण दोन भावांची गोष्ट म्हणून सांगतो. मला आता ती बापाची गोष्ट वाटते. आनंद वर्मा हा कामगारांचा पुढारी. मालक त्याची बायकापोरं पळवून नेतात आणि त्याच्याकडून करारावर सही घेतात. ज्या कामगारांसाठी तो उभा होता तेच त्याला गद्दार म्हणतात. तो घर सोडून निघून जातो, आणि लोक त्याच्या थोरल्या पोराच्या हातावर 'बाप चोर आहे' असं गोंदवतात. पुढं हा पोरगा मुंबईत बूटपॉलिश करतो, फेकलेले पैसे उचलत नाही, गोदीत हप्ता देत नाही आणि शेवटी स्मगलर होतो. बिल्डिंगी घेतो, पण हातावरचं गोंदण जात नाही. सगळ्या मारामाऱ्या तो त्या चार शब्दांशी करतोय.

इथं एक सूत्र सापडतं, आणि ते पुढची पन्नास वर्षं पुरलंय. बाप हरतो आणि पोरगा हात उचलतो. पण बापाला हरवलं कुणी, हे पोराला नीट दिसत नाही, म्हणून समोर येईल त्याला तो मारत सुटतो.

आता मराठी माणसाचं काम. ज्या १९७३ साली 'जंजीर' आला, साधारण त्याच काळात विजय तेंडुलकरांना नेहरू फेलोशिप मिळाली होती. विषय होता समाजातली वाढती हिंसा. 'घाशीराम कोतवाल' नुकतंच येऊन गेलेलं. एक नाटककार हिंसेचा अभ्यास करायला बाहेर पडतो, याचं आज अप्रूप वाटतं. आपण पत्रकार रोज हिंसेची बातमी करतो, पण अभ्यास किती करतो?

त्या अभ्यासाचा रस पुढं 'अर्धसत्य'मध्ये उतरला असं मला वाटतं. १९८३ चा पिक्चर. दिग्दर्शक गोविंद निहलानी, पटकथा तेंडुलकरांची, मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य'. ओम पुरींना यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि नगरचे सदाशिव अमरापूरकर रामा शेट्टी म्हणून देशभर पोचले.

पोलिसांवरचा हा पिक्चर ज्यांनी बघितला नाही त्यांनी जरूर बघा. सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकरला पोलिसात जायचंच नव्हतं. बाप पोलिसातला, घरात आईला मारायचा. त्या बापानं त्याला खाकीत ढकललं. आता वेलणकरला आईला मारणाऱ्या हाताचा राग आहे आणि स्वतःच्या अंगावर त्याच हाताची वर्दी आहे. वरिष्ठ त्याला अडवतात. जिवावर उदार होऊन दरोडेखोर पकडला, तर श्रेय दुसऱ्याला जातं. रामा शेट्टी त्याच्या समोर बसून हसतो, आणि हा काही करू शकत नाही. मग दारू सुरू होते. एका रात्री लॉकअपमध्ये एका भुरट्या चोराला तो मरेस्तोवर मारतो.

ही जागा नीट बघा. वेलणकर ज्याला मारतो तो रामा शेट्टी नाही, फालतू चोर आहे. राग वरच्यावर, मार खालच्याला. आणि नोकरी वाचवायला त्याला शेवटी रामा शेट्टीच्याच दारात जावं लागतं. तिथं तो त्याचा गळा दाबतो आणि स्वतःहून पोलिस ठाण्यात हजर होतो. विजयच्या स्वप्नातल्या घोड्याला पिक्चर संपताना उत्तर मिळालं होतं. वेलणकरला उत्तर मिळत नाही, एवढंच कळतं की आपण बापासारखे झालो होतो.

या गोष्टीत स्मिता पाटीलची ज्योत्स्ना आहे, प्राध्यापिका. ती त्याला विचारत राहते की तू हे का करतोस. बहुतेक मारधाड पिक्चरांत बाईचं काम काय, तर आई होऊन रडायचं नाहीतर अत्याचार सोसून हिरोला कारण पुरवायचं. प्रश्न विचारणारं माणूस हिरोच्या आयुष्यात क्वचितच असतं. आपल्या वस्तीतल्या पोरांच्या आयुष्यात तरी कुठं असतं?

'अर्धसत्य'च्या एक वर्ष आधी, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो संप रीतसर संपलाच नाही, विरून गेला. आणि त्याच १९८२ मध्ये आपली पिंपरी-चिंचवड महापालिका झाली. म्हणजे तिकडं एक कामगारनगरी विझत होती आणि इकडं दुसरी मोठी होत होती. आपल्याकडं तेव्हा कंपनीत पर्मनंट होणं म्हणजे लग्न ठरणं. हॅरिस पुलावरून सायकलींची रांग लागायची असं जुनी माणसं सांगतात.

गिरणगावात मात्र बाप घरी बसला होता. त्या घरांतल्या पोरांचा पिक्चर म्हणजे एन. चंद्रांचा 'अंकुश', १९८६. चंद्रा म्हणजे चंद्रशेखर नार्वेकर, मुंबईचे मराठी. नाना पाटेकरांना घराघरात पोचवणाऱ्या पिक्चरांपैकी हा एक. नाक्यावर बसलेली चार बेकार पोरं. कामाला गेलं की अपमान, घरी आलं की टोमणे, वेळ घालवायला भांडणं. शेजारी राहायला आलेल्या एका मुलीमुळं आणि तिच्या घरच्या म्हातारीमुळं ती जरा माणसात येतात. त्या मुलीवर बलात्कार होतो, कोर्टात गुन्हेगार सुटतात, ती जीव देते. चौघं गुन्हेगारांना मारतात आणि फासावर जातात.

मी हा पिक्चर लहानपणी मंडळासमोरच बघितला. आम्हाला तेव्हा नानाची चाल आवडली होती. दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली तसंच बोलत होती. फाशी कुणाला आठवत नव्हती. गंमत म्हणजे याच पिक्चरमधली प्रार्थना पुढं गावोगावच्या शाळांत म्हटली गेली. आमच्याही शाळेत. चार फाशी गेलेल्या पोरांच्या पिक्चरमधली प्रार्थना आम्ही हात जोडून म्हणत होतो, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. माणूस पिक्चरमधून आपल्याला पाहिजे तेवढंच उचलतो, त्याचा हा माझा पहिला पुरावा.

१९८९ ला विधू विनोद चोप्रांचा 'परिंदा' आला. त्यात नाना खलनायक, अण्णा. त्यानं स्वतःची बायको आणि पोर जाळलंय आणि आता तो आगीला भितो. काडी पेटली तरी हादरतो. आतापर्यंत मन फक्त हिरोला असायचं, 'परिंदा'नं ते गुंडालाही दिलं. त्याच वर्षी आपल्याकडं टेल्कोचा संघर्ष पेटला होता, कामगार पुण्यात शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले होते. त्यानंतर आपल्या पट्ट्यात 'पर्मनंट' हा शब्द हळूहळू मागं पडला आणि 'कंत्राटी' हा शब्द पुढं आला. कुठल्या एका घटनेनं नाही, वर्षानुवर्षं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी दोन पिक्चर पाठोपाठ आले. १९९८ चा राम गोपाल वर्मांचा 'सत्या' आणि १९९९ चा महेश मांजरेकरांचा 'वास्तव'. 'सत्या'त एक विलक्षण गोष्ट केलीय. मुख्य माणसाला भूतकाळच नाही. सत्या कुठून आला, बाप कोण, काही सांगत नाहीत. सगळं मन भिकू म्हात्रेला दिलंय. मनोज वाजपेयींनी केलेला हा भिकू बायकोशी भांडतो, पोरींवर जीव टाकतो आणि माणसंही मारतो. लोकांना तो इतका जवळचा का वाटला? कारण तो शेजारच्या घरातला वाटला.

'वास्तव' मी कॉलेजात असताना पिंपरीच्या विशालमध्ये बघितला. रघू पावभाजीची गाडी लावतो. बाप रिटायर, पोराला काम नाही, म्हणून चार मित्रांनी धंदा सुरू केलाय. गाडीवर एक भांडण होतं आणि हातून खून होतो. ठरवून नाही, एका मिनिटाच्या रागात. मग वाचायचं तर एका टोळीचा आधार, आधार घेतला तर त्याचं काम, आणि काम करत गेलं की नाव. गळ्यातल्या सोन्याच्या चेनी तेव्हा थिएटरात टाळ्या घेऊन गेल्या. पण पिक्चरचा शेवट काय? वेडापिसा झालेल्या रघूला त्याची आईच गोळी घालते. रीमा लागूंचा तो चेहरा आठवतो तुम्हाला? पुढची काही वर्षं आपल्या भागात वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चेनी दिसल्या. रीमा लागूंचा चेहरा कुठल्या फ्लेक्सवर दिसला नाही.

आता घराजवळ येऊ. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलिस आयुक्तालय सुरू झालं. गुन्हे वाढले म्हणूनच मागणी होत होती. तीनच महिन्यांनी, नोव्हेंबर २०१८ ला, प्रवीण तरडेंचा 'मुळशी पॅटर्न' आला. तरडे मुळशीचेच. हा पिक्चर आपल्या पट्ट्याचा 'दीवार' आहे असं माझं मत आहे.

बाप, म्हणजे मोहन जोशींनी केलेला सखाराम, गावचा पाटील. जमीन विकून बसलाय. पैसा आला तसा गेला. पाटलाला पुण्यात येऊन मार्केट यार्डात ओझी उचलावी लागतात. त्याचा पोरगा राहुल, ओम भूतकरनं केलेला, हे बघतो. बापाला कुणी हात लावला की त्याचं डोकं फिरतं. तिथून तो एका भाईच्या हाताखाली जातो, मग स्वतः भाई होतो. आणि मोठा झाल्यावर करतो काय? दुसऱ्यांच्या जमिनींत हात घालतो. ज्या धंद्यानं त्याचा बाप हमाल झाला, त्याच धंद्याचा तो सोटा होतो. या पिक्चरवरून पुढं मांजरेकरांनीच २०२१ ला हिंदीत 'अंतिम' केला.

मुळशीला जमिनीचं दुखणं नवीन नाही, हेही लक्षात ठेवा. १९२१ ला याच मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट तिथंच 'सेनापती' झाले. धरण झालं, गावं पाण्यात गेली, वीज मुंबईला गेली. पण तेव्हा हरलेली माणसं एकत्र बसली होती, सगळ्यांचा शत्रू एक होता आणि तो सगळ्यांना दिसत होता. शंभर वर्षांनी हिंजवडीच्या बाजूला जमिनी गेल्या त्या एकेकट्या सातबाऱ्यानं, एकेकट्या सहीनं. विकणाऱ्यानं स्वतःच सही केली, मग राग कुणावर काढायचा? 'दीवार'च्या बापानंही सहीच केली होती.

आणि शस्त्र बघा. 'जंजीर'पासून 'सत्या'पर्यंत पिस्तूल होतं. आपल्या पोरांच्या हातात कोयता आहे. ऊस तोडायचं, गवत कापायचं, नारळ सोलायचं हत्यार. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात 'कोयता गँग' हा शब्द विधानसभेत पोचला. कामाचं अवजार दहशतीचं कसं झालं, यावर कुणी बोललं नाही, बंदोबस्त वाढवायचं बोलणं झालं. ते पण पाहिजेच, मी नाही म्हणत नाही. ज्याच्या रिक्षाची काच फुटते त्याला मानसशास्त्र सांगून चालत नाही. त्याचा हप्ता असतो.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडं येतो. पिक्चरनं पोरं बिघडली का?

हे सगळे पिक्चर पुन्हा बघून माझं मत झालंय ते असं. चांगल्या मारधाड पिक्चरमध्ये तीन गोष्टी असतात. आधी जखम, मग माणसानं घेतलेला एखादा निर्णय, आणि शेवटी त्याची किंमत. विजयला गोंदण, वेलणकरला बापाचा हात, रघूला एका मिनिटाचा राग, राहुलला पाटलाच्या पाठीवरचं ओझं. किंमत तर प्रत्येकानं मोजलीय. विजय मंदिरात आईच्या मांडीवर मरतो, 'अंकुश'ची पोरं फासावर, वेलणकर कोठडीत, रघू आईच्या हातून. यातला एकही पिक्चर 'असं व्हा' म्हणत नाही.

पण आमच्या त्या सोळा वर्षांच्या पोरानं यातला एकही पूर्ण बघितलेला नाही. मी विचारलं त्याला. म्हणाला, "रील बघितलेत." रीलमध्ये जखम नसते, कारण तीस सेकंदांत ती मावत नाही. किंमत नसते, कारण त्याला लाईक मिळत नाहीत. मधली चाल तेवढी राहते, म्हणजे गॉगल, स्लो मोशन आणि म्युझिक. अडीच तासांच्या माणसातून माणूस काढून टाकला की जे उरतं ते पोरांच्या मोबाईलमध्ये आहे.

आणि मंडळी, बातमीतही तेच आहे. 'सिनेस्टाईल थरार' लिहिताना मी काय केलं? जखम गाळली, किंमत गाळली, चाल तेवढी ठेवली. मी त्या पोराचं रीलच करून दिलं, तेही फुकट. त्यानं लाल गोल काढला तो माझ्या शब्दाभोवती.

त्या दिवशी चौकीतून निघताना मी त्याच्या बापाशी दोन मिनिटं बोललो. अकरा वर्षं एकाच कंपनीच्या गेटमधून आत जातो, कंत्राटदार चार बदलले. मागच्या वर्षी सुपरवायझरनं सगळ्या लाईनसमोर शिव्या दिल्या, हा खाली मान घालून उभा राहिला. हे घरी कसं कळलं माहीत नाही, पण पोराला कळलं. त्यानंतर पोरानं बापाशी बोलणं सोडलं. बाप मला म्हणाला, "साहेब, मी तेव्हा उलटं बोललो असतो तर नोकरी गेली असती, पण पोरगं राहिलं असतं का हो?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही. पण एवढं कळलं, की मान खाली घालून उभं राहायला काय लागतं हे त्या पोराला कुणी सांगितलं नव्हतं. बाप घर चालवण्यासाठी अपमान गिळतो, ती हार नसते, हे सांगणारा हिरो आपल्या पन्नास वर्षांच्या पिक्चरांत फार शोधावा लागतो. बाप हरलेलाच दाखवतात, कारण त्याशिवाय पोराची एन्ट्री होत नाही.

माझ्यापुरतं ठरवलंय. 'सिनेस्टाईल', 'थरार', 'भाई', 'दहशत' हे शब्द अल्पवयीन पोरांच्या बातमीत पुन्हा लिहिणार नाही. डेस्कवरच्या पोरांनाही सांगितलंय. एकजण म्हणाला, सर, मग हेडिंग काय देऊ? म्हणलं, काय झालं ते दे. किती गाड्या फुटल्या, कुणाच्या होत्या, भरपाई कोण देणार, आणि पोरगा शाळा कितवीत सोडून बसला होता.

तुम्ही मंडळाचे कार्यकर्ते असाल तर या गणपतीत एक रात्र पडदा लावा. 'अर्धसत्य' किंवा 'मुळशी पॅटर्न', पण पूर्ण लावा, शेवटापर्यंत. आणि पिक्चर संपल्यावर लगेच स्पीकर चालू करू नका. पोरांना दहा मिनिटं तिथंच बसू द्या, जमलं तर बापांनाही बोलवा.

तुमच्या वस्तीत काय दिसतंय ते खाली लिहा. पोरांची नावं मात्र लिहू नका.